दहा मिनिटांची लेव्हल आणि चार पाकिटं

जानेवारी ते एप्रिल या काळात मी पोकरच्या चार रीबाय टूर्नामेंट खेळले. चारही टर्बो, म्हणजे ब्लाइंड (दर डावात पत्ते बघायच्या आधी दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम) दर दहा मिनिटांनी चढणारे. त्याआधी संथ स्पर्धा बऱ्याच खेळून झाल्या होत्या, त्यामुळे पोकर आपल्याला बऱ्यापैकी येतं असा माझा समज होता. पहिल्याच शनिवारी तो तासाभरात उतरला. पुढे वाचून, मोजून आणि हरून जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय. पहिल्यांदा जाणाऱ्यांना निदान माझ्याइतकं भांबावल्यासारखं होऊ नये.

पैशांचा आकडा मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक ठिकाणची एंट्री वेगळी असते. मी सगळा हिशेब एंट्रीच्या पटीत ठेवलाय.

नियम थोडक्यात असे होते. एका एंट्रीला ३,००० चिप्स. आयोजकांची फी एंट्रीच्या दहा टक्के, ती फक्त पहिल्यांदा घेतात, रीबायवर नाही. पहिल्या सहा लेव्हल, म्हणजे पहिला तास, रीबाय चालू. तुमच्यासमोर ३,००० किंवा त्याहून कमी चिप्स असतील तर आणखी एक एंट्री भरून ३,००० घेता येतात, कितीही वेळा. तास संपला की पंधरा मिनिटांची सुट्टी. त्या सुट्टीत प्रत्येकाला एकदाच ॲड-ऑन घेता येतो. किंमत एक एंट्री, पण चिप्स ५,०००, आणि समोर कितीही ढीग असला तरी मिळतो. सुट्टीनंतर जो उठला तो उठला. रीबाय हा री-एंट्रीपेक्षा वेगळा आहे. री-एंट्रीत आधी बाद व्हावं लागतं, नवीन चिठ्ठी काढून नव्या टेबलावर बसावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी फीही पुन्हा भरावी लागते. रीबायमध्ये तुम्ही त्याच खुर्चीवर, त्याच माणसांसमोर. जाहिरातीत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून आधी विचारून घ्या.

ब्लाइंड २५-५० पासून सुरू (आधीचा आकडा स्मॉल ब्लाइंड, नंतरचा बिग ब्लाइंड), मग ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००. सुट्टीनंतर ३००-६०० आणि त्यावर बिग ब्लाइंडवाल्याने टेबलभराची अँटी (सगळ्यांच्या वतीने मधल्या ढिगात टाकायची रक्कम) भरायची, आणखी ६००. हा तक्ता भिंतीवर लावलेला होता. मी तो वाचला आणि विसरले.

११ जानेवारी. नोंदणीच्या रांगेत पस्तीस मिनिटं गेली. ओळखपत्र, एक पानी फॉर्म, दोन सह्या, मग टेबल-खुर्चीची चिठ्ठी. माझ्या डाव्या हाताला टोपी घातलेले एक काका. पहिल्या डावापासून ते दर दोन डावांआड ऑल-इन करत होते, म्हणजे समोरचे सगळे चिप्स एकदम लावत होते. पत्ते बघतही नव्हते, निदान मला तरी तसं वाटलं. हरले की हात वर, "रीबाय", आणि हसू तसंच. पंधरा मिनिटांत त्यांचे तीन रीबाय झाले आणि टेबलावर चिप्सचा महापूर आला. सगळ्यांना वाटायला लागलं की आपणही थोडं सैल खेळायला हरकत नाही.

माझा पहिला रीबाय टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) धरून बसण्यात गेला. दुसरा तसाच, त्याची आठवणही नाही. तिसऱ्या वेळी मात्र हातात एक्क्यांची जोडी आली. मी सगळे चिप्स ढकलले आणि चार जणांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच चिप्स लावले. चार! रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्याला, एका पोराची पाच-सहाची सीक्वेन्स लागली. त्या क्षणी मला हा घोर अन्याय वाटला. नंतर आकडा बघितला. समोर चार जण कसलेही पत्ते घेऊन शेवटपर्यंत आले तर एक्के जिंकतात साधारण ५६ टक्के वेळा. म्हणजे दहातल्या चार वेळा हरायचंच. डाव बरोबर खेळले होते, चूक पुढच्या डावात केली. रीबायचे चिप्स अजून नीट रचलेही नव्हते आणि मी रागाच्या भरात राणी-नव्वीवर ते सगळे पुन्हा आत लोटले.

तास संपला तेव्हा पाच रीबाय झाले होते. समोर ५,४०० चिप्स. ॲड-ऑनसाठी फ्लोअरवाला (आयोजकांचा माणूस) पेटी घेऊन आला आणि माझ्याकडे पैसे उरलेच नव्हते. टेबलावरच्या बाकी सगळ्यांनी घेतला, टोपीवाल्या काकांनीही. पंधरा मिनिटं मी पाण्याची बाटली हातात घेऊन नुसती बसून होते.

सुट्टीनंतरच्या तिसऱ्याच डावात काकांनी पुन्हा ऑल-इन केलं. माझ्याकडे सत्त्यांची जोडी. तासभर हा माणूस काहीही घेऊन ढकलतोय, मग सत्त्या पुष्कळ झाल्या, असा मी विचार केला. त्यांनी पत्ते उलटले तर दोन राजे. वरच्या जोडीसमोर खालची जोडी पाचातून एकदाच जिंकते. मला ती एक वेळ मिळाली नाही. उठताना काका म्हणाले, "अहो, सुट्टीनंतर मी वेगळा माणूस असतो." ते खरंच होतं आणि तासभर शेजारी बसून मला ते कळलं नव्हतं. रीबाय चालू असताना माणूस कसा खेळतो यावरून सुट्टीनंतरचा अंदाज बांधायचा नाही, हा धडा मला एकूण सहा एंट्र्यांना पडला. वर फी.

त्या रात्री वहीत पहिल्यांदा हिशेब मांडला. पैशांचा नाही, वेळेचा. नऊ जणांच्या टेबलावर माणूस डीलर असेल तर तासाला पंचवीस ते तीस डाव होतात. म्हणजे दहा मिनिटांच्या एका लेव्हलमध्ये चार-पाच डाव. बटण (डावागणिक एक खुर्ची पुढे सरकणारी डीलरची खूण) टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारेपर्यंत दोन लेव्हल उलटतात. रीबायचा अख्खा तास म्हणजे जेमतेम तीन फेऱ्या! मी तासभर चांगल्या पत्त्यांची वाट बघत होते खरी, पण दश्श्यांची किंवा वरची जोडी नाहीतर एक्का-राजा एवढंच "चांगलं" धरलं तर असा हात सरासरीने २९ डावांत एकदा येतो. म्हणजे तासात एकदा. आणि तो जिंकेलच असं नाही.

मग दुसरा हिशेब. ३,००० चिप्स घेऊन काहीच खेळले नाही, फक्त ब्लाइंड भरत राहिले तर किती वेळ टिकेन? पहिली फेरी शंभर-सव्वाशेत जाते, दुसरी अडीचशेच्या आसपास, तिसरी पाचशेवर. इथवर काही वाटत नाही. चौथ्या फेरीत अँटी धरून पावणेदोन हजाराच्या घरात जातात, आणि पाचव्या फेरीत बिग ब्लाइंड आला की खेळ खलास. साधारण दीड तास. पहिल्या तासात स्टॅकचा, म्हणजे समोरच्या चिप्सच्या ढिगाचा, तिसरा हिस्साही खर्च होत नाही आणि पुढच्या अर्ध्या तासात उरलेला सगळा जातो. म्हणूनच पहिल्या तासात आपण आरामात आहोत असं वाटतं.

स्टॅकला एका फेरीच्या खर्चाने भागायचं, या आकड्याला पोकरवाले "एम" म्हणतात. बॅकगॅमनचे नामांकित खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून हे नाव आलं. पहिल्या लेव्हलला ३,००० चिप्सचा एम ४०. सहाव्या लेव्हलला त्याच चिप्सचा ५. संथ स्पर्धेत एम पाच म्हणजे पाच फेऱ्या हातात असतात. इथे फेरी पुरी व्हायच्या आत ब्लाइंड दोनदा वाढतात, त्यामुळे पाच म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम दोनच. मी तेव्हापासून चिप्सचा ढीग बघणं सोडलं. समोर किती फेऱ्या उरल्यात तेवढंच बघते.

८ फेब्रुवारीला जाताना चार पाकिटं केली. साधी पांढरी, टपालाची. प्रत्येकात एक एंट्री, सुट्ट्या पैशांसकट मोजून. पहिल्यावर "एंट्री" आणि फीची रक्कम वेगळी, दोनांवर "रीबाय", चौथ्यावर "ॲड-ऑन". चौथं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. कार्ड घरी. वाचताना हे बालिश वाटेल, पण मला यानेच वाचवलं. रीबाय घ्यायचा की नाही हे हरल्यानंतरच्या तीस सेकंदांत ठरवायचं असतं, आणि त्या तीस सेकंदांत मी तरी शहाणी नसते.

या पाकिटांचा आणखी एक उपयोग अनपेक्षित होता. रीबाय मागितला की डीलर हात वर करतो, फ्लोअरवाला येतो, पैसे मोजतो, पावती फाडतो, चिप्स आणतो. मोठी नोट दिली तर सुट्ट्यांसाठी पुन्हा फेरी. जानेवारीत एकदा यात चांगली पाच मिनिटं गेली होती. मोजलेलं पाकीट दिलं की काम मिनिटभरात होतं.

आणि हा नियम माहीत असू द्या. पुढचा डाव वाटायच्या आत "रीबाय" म्हणालात की तो घ्यावाच लागतो, मागे फिरता येत नाही. चिप्स यायला वेळ लागला तरी तुम्ही डावात आहात आणि ते चिप्स समोर असल्यासारखेच धरले जातात. माझ्या बाबतीत चिप्स दोन डाव आलेच नाहीत, आणि समोरच्याने मोठा रेझ केल्यावर (बोली वाढवल्यावर) डीलर म्हणाला की तुमच्यासमोर काही नाही, तुम्ही खेळू शकत नाही. माझ्याकडे पावती होती. फ्लोअरला बोलावलं, त्याने पावती बघितली आणि माझ्या बाजूने निकाल दिला, पण त्यात तीन मिनिटं गेली आणि सगळं टेबल माझ्याकडे रागाने बघत होतं. पावती खिशात घालू नका, चिप्स येईपर्यंत समोर टेबलावर ठेवा.

त्या दिवशी सुरुवातीलाच शेजारच्याने बसल्या बसल्या दुसरी एंट्री भरून स्टॅक दुप्पट केला. नियमात ते बसतं, कारण समोर बरोबर ३,००० असतात. मलाही मोह झाला. पण दोघांच्या डावात ज्याचे चिप्स कमी तेवढ्याचाच खेळ होतो. माझ्याकडे ६,००० आणि बाकीच्यांकडे ३,००० असतील तर माझे वरचे ३,००० नुसतेच बसून राहतात. टेबलावर दोघा-तिघांनी दुप्पट केलं असेल आणि त्यातला एखादा सढळ हाताने देणारा असेल तर गोष्ट वेगळी. मी थांबले.

पहिल्या दोन लेव्हलमध्ये छोट्या जोड्या स्वस्तात बघत गेले. फ्लॉपवर (टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांवर) तिसरा जुळायची शक्यता साधारण साडेआठांत एक, पण जुळला तर या तासात पैसे देणारे भरपूर असतात. चौथ्या लेव्हलला ते बंद केलं. १००-२०० ला ३,००० म्हणजे पंधराच बिग ब्लाइंड, आठातून सात वेळा सोडून द्यायला तेवढे पुरत नाहीत. ब्लफ मात्र पहिल्या तासात एकही केला नाही. ज्याच्या खिशात पुढचा रीबाय तयार आहे त्याला घाबरवून काय उपयोग?

दोन्ही रीबाय वापरले, ॲड-ऑन घेतला आणि एकोणिसाव्या क्रमांकावर बाद झाले. एकूण चार एंट्र्या. काही कमावलं नाही, पण घरी परतताना पोटात गोळा नव्हता.

पुढचे पाच आठवडे घरी सराव. पत्त्यांचा एक जोड, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर आणि एक तक्ता. दहा किंवा कमी बिग ब्लाइंड उरले की ढकला नाहीतर सोडा, कोणत्या जागेवरून कोणते पत्ते, एवढंच त्यात होतं. टेबलावर डाव चालू असताना फोन बघू देत नाहीत, म्हणून पाठच करावा लागतो. मी रोज वीस हात वाटून घ्यायचे आणि मोठ्याने उत्तर म्हणायचे. घरच्यांना वाटलं मी कसलीतरी परीक्षा देतेय.

पाठांतरापेक्षा जास्त कामी आलं ते एक उदाहरण. बटणावर माझ्याकडे आठ बिग ब्लाइंड आहेत. मी ऑल-इन केलं आणि दोन्ही ब्लाइंडनी सोडलं तर मधले चिप्स माझे. बिग ब्लाइंडने कॉल केलं तर, समजा, मी ४० टक्के वेळा जिंकते. अँटी नसेल तर या धंद्यात तोटा होऊ नये म्हणून दोघांनी साधारण ४८ टक्के वेळा सोडायला हवं. बिग ब्लाइंडएवढी अँटी मध्ये आली की हाच आकडा २९ वर येतो! पत्ते तेच, स्टॅक तोच, फक्त मधल्या ढिगात एक ब्लाइंड जास्त. अँटी सुरू होते त्या लेव्हलपासून हात सैल का सोडायचा हे मला हा आकडा मांडल्यावर समजलं. त्याआधी मी उलटं करत होते. पहिल्या तासात सैल, आणि सुट्टीनंतर "आता जपून" म्हणून आखडलेली.

१५ मार्च. या वेळी एकही रीबाय लागला नाही. पत्ते बरे आले, यात माझं काही कर्तृत्व नाही. ॲड-ऑन घेऊन एकूण दोन एंट्र्या. बक्षिसं पहिल्या चौघांना. पाच जण उरलो तेव्हा माझ्याकडे नऊ बिग ब्लाइंड होते आणि बाकीच्यांतल्या दोघांकडे प्रत्येकी दोनच्या आसपास. ते दोघंही पुढच्या तीन डावांत बिग ब्लाइंडवर येणार होते. सगळ्यात मोठ्या स्टॅकवाल्या बाईंनी स्मॉल ब्लाइंडवरून ऑल-इन केलं. माझ्याकडे एक्का-नव्वी, एकाच रंगाचे, बदाम. मी कॉल केलं. त्यांच्याकडे चौकीची जोडी. जवळजवळ छापा-काटा, आणि तो त्यांच्या बाजूने पडला.

मी पाचवी. दोन ब्लाइंडवाला माणूस चौथा आला आणि बक्षीस घेऊन गेला.

हा डाव मी आठवडाभर चघळत होते. हातच्या चिप्सच्या दृष्टीने कॉल चुकीचा नव्हता. पण बक्षिसांच्या उंबरठ्यावर गमावलेल्या चिपची किंमत कमावलेल्या चिपपेक्षा जास्त असते. दुप्पट चिप्स झाले म्हणून बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही, आणि शून्य झाले की वाटा शून्यच. हे मोजायच्या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल, आयसीएम, म्हणतात. शेजारी दोघे शेवटचे श्वास घेत असताना मी त्यांच्याआधी उडी मारली. ढकलायला चालतात ते पत्ते कॉल करायला चालत नाहीत, हे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी "गॅप" म्हणून केव्हाच मांडलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. पण बदामाचा एक्का हातात आल्यावर घोडं तिथेच पेंड खातं.

१२ एप्रिलला मी वीस मिनिटं आधी पोचले, रांग टळली. ४० जण. दुसऱ्याच लेव्हलला दोन पेअर घेऊन फ्लशसमोर (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांसमोर) गेले आणि पहिलं रीबाय पाकीट फुटलं. मग बराच वेळ काहीच नाही. सहावी लेव्हल संपायला चार मिनिटं उरली तेव्हा समोर २,२०० चिप्स. आजूबाजूचे असे लोक या वेळी डोळे मिटून ऑल-इन करतात. जिंकलं तर जिंकलं, नाहीतर रीबाय आहेच. पण रीबायला बाद व्हावं लागत नाही! ३,००० पेक्षा कमी आहेत एवढं पुरे. मी दुसरं पाकीट काढलं, २,२०० चे ५,२०० झाले, आणि सुट्टीत ॲड-ऑन घेऊन १०,२००. सातव्या लेव्हलला सतरा बिग ब्लाइंड. तेच २,२०० फेकून दिले असते तर त्याच खर्चात तेरा. चार ब्लाइंडचा फरक, नुसता हात वर करण्याचा. काही ठिकाणी रीबाय फक्त शून्यावरच देतात, म्हणून हा प्रश्न नोंदणीच्या खिडकीवरच विचारा. तिथे आणखी दोन प्रश्न विचारायचे असतात: एका वेळी दोन रीबाय मिळतात का, आणि तासाच्या शेवटच्या डावात बाद झालेल्याला रीबाय आणि ॲड-ऑन दोन्ही मिळतात का.

सुट्टीत पडद्यावर आकडे लागले. ५८ रीबाय, ३० ॲड-ऑन. मी टिश्यूपेपरवर गणित केलं. एंट्र्या धरून १२८ भागांचा गल्ला आणि ४,४४,००० चिप्स. म्हणजे गल्ल्यातल्या एका एंट्रीमागे सरासरी ३,४७० चिप्स. ॲड-ऑनमध्ये त्याच एंट्रीला ५,००० मिळत होते. "मला गरज नाही" म्हणत ॲड-ऑन नाकारणारे नेहमी दोन-चार भेटतात. चाळीस हजारांचा डोंगर असेल तर पाच हजारांनी फार बदल होत नाही हे खरं, पण स्वस्तात मिळणारी गोष्ट ती स्वस्तच. ज्याच्याकडे दहा हजारांच्या आत आहेत त्याने नाकारणं मला तरी अनाकलनीय वाटतं. एवढ्यात पंचवीसचे चिप्स गोळा करून मोठे द्यायला डीलर आले. ही अदलाबदल चालू असताना जागेवर थांबा, माझ्या शेजारचा नेमका तेव्हा बाहेर गेला आणि परत आल्यावर पाच मिनिटं हुज्जत घालत बसला.

नंतरचा तास भराभर गेला. सातव्या-आठव्या लेव्हलला तीनदा ढकललं, तिन्ही वेळा सगळ्यांनी सोडलं, आणि एवढं होऊन मी जवळपास होते तिथेच राहिले. ब्लाइंड खात होते, मी चोरत होते, बरोबरी. नवव्या लेव्हलला ९,६०० चिप्स, बरोबर आठ ब्लाइंड, बटणावर एक्का-दश्शी. बिग ब्लाइंडने राजा-गुलाम घेऊन कॉल केलं. फ्लॉप तिर्री, सत्ती, सत्ती. टर्न, म्हणजे चौथा पत्ता, दुर्री. रिव्हरचा पत्ता उलटायच्या आत डीलरने टेबलावर दोनदा टकटक केलं, ती त्याची सवय होती, आणि मला त्या टकटकीचा फार राग आला. छक्की. २१,००० चिप्स.

तेराव्या लेव्हलला सहा जण उरलो, बक्षिसं पाचांना. माझ्याकडे ५२,००० म्हणजे तेरा ब्लाइंड, दोघांकडे माझ्याहून बरेच कमी. सर्वांत मोठ्या स्टॅकवाल्याने ढकललं आणि मला अठ्ठ्यांची जोडी आली. मार्च आठवला. सोडली. बरोबर की चूक, आजही सांगता येत नाही. तो माणूस बहुतेक कशावरही ढकलत होता, आणि कागदावर मांडायला बसले तर उत्तर त्याच्याबद्दल मी काय गृहीत धरते त्यावर बदलतं. पुढच्या फेरीत एक छोटा स्टॅक गेला आणि आम्ही पाचही जण बक्षिसांत आलो. सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले.

पंधराव्या लेव्हलला, ४,०००-८,००० ला, चौघे उरलो होतो. मिळून पंचावन्न ब्लाइंड टेबलावर, त्यातले माझे सहाच्याही आत. इथे कौशल्य वगैरे म्हणायला फार जागा उरत नाही. स्मॉल ब्लाइंडवरून राजा-गुलाम ढकलले, एक्का-चौकीने कॉल केलं, एक्का टिकला. चौथी.

बक्षीस गल्ल्याच्या ११ टक्के, म्हणजे चौदा एंट्र्या. ते घ्यायला चाळीस मिनिटं लागली. ओळखपत्राची प्रत नव्हती, ती काढून आणली. फॉर्मवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव यात एका अक्षराचा फरक होता, म्हणून पुन्हा फॉर्म. पैसे खिडकीसमोरच मोजून घेतले, पावती मागून घेतली.

वहीतला शेवटचा रकाना त्याच रात्री भरला. जानेवारी सहा, फेब्रुवारी चार, मार्च दोन, एप्रिल चार, चार वेळची फी धरून १६.४ गेल्या. आल्या १४. वजा सव्वादोनच्या थोडं वर. गेलेल्यांतल्या पाच तर जानेवारीच्या रीबायच्याच आहेत. पुढची स्पर्धा मे महिन्यात आहे. पाकिटं अजून चारच आहेत, आणि त्यातलं एक गेल्या वेळच्या पाण्याने डागाळलंय, ते तेवढं बदलायचं आहे.